मासे 'शांत' करणारी बाटली, घ्यावी का?

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायची गरज नाही. टँकच्या पाण्यात टाकायची ही बाटली मासे शांत करत नाही, माशांना त्रासही देत नाही, पण लेबलच्या मागे वापरायची जी पद्धत छापलीये ती पाळली तर भांडणं उलट वाढायची शक्यता आहे. ५ पैकी दीड स्टार. तो दीड कशाचा ते शेवटी सांगते.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण अशा चार-पाच नावांच्या बाटल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत आणि ऑनलाइन फिरतायत, झाकणाचा रंग बदलतो आणि मजकूर साधारण तोच असतो, "नॅचरल फेरोमोन ब्लेंड, आक्रमकता कमी करते, स्ट्रेस घालवते" (फेरोमोन म्हणजे एका प्राण्याच्या अंगातून बाहेर पडणारं आणि त्याच जातीच्या दुसऱ्याला निरोप देणारं रसायन). माझी १२० मिलीची, साडेचारशे रुपये, पुण्यातल्या नेहमीच्या दुकानातून घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, टाकून तर बघा, मासे एकदम गार होतात." हा माणूस एरवी चांगला आहे, आजारी मासा कधी गळ्यात मारत नाही, नवीन माल आला की थोडे दिवस वेगळा ठेवतो, त्यामुळे राग नाहीये, तोही डिस्ट्रिब्युटरनं सांगितलेलंच पुढे सांगतोय.

आमच्याकडे चार फुटी टँक आहे, त्यात एंजल मासे. लहान असताना सगळे एकत्र फिरायचे, गोड दिसायचे, मग मोठे झाले आणि त्यातल्या दोघांची जोडी लागली आणि त्यांनी हीटरकडचा अर्धा टँक आपला म्हणून जाहीर केला. बाकीचे फिल्टरच्या कोपऱ्यात चिकटून. एकाचे पर फाटलेले, एक तर खायला पुढेच येईना. एंजल पाळणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही, एंजल दिसायला कितीही नाजूक असला तरी तो सिक्लिड कुळातला आहे, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न या भांडखोर माशांच्या खानदानातला. घरच्यांना मात्र ते बघवत नव्हतं, आणि मी ज्युनिअर कॉलेजला झूलॉजी शिकवते त्यामुळे "तुला एवढं कळतं तर काहीतरी कर की" हे रोज ऐकत होते. शिवाय लेबलवरचा 'फेरोमोन' हा शब्द बघून मलाच उत्सुकता वाटली, कारण माशांमधल्या या विषयावर खरोखर चांगलं काम झालंय आणि त्यातलं काही बाटलीत आलं असेल तर मला बघायचंच होतं.

पॅकिंग ठीक. झाकणालाच माप आहे, ते सोयीचं. द्रव किंचित पिवळसर, कोरफडीसारखा बुळबुळीत, वास औषधी. पाण्यात टाकल्यावर थोडा फेस येतो आणि एअर पंप चालू असेल तर काठाला बराच वेळ राहतो. घटकांमध्ये हर्बल अर्क, कुठलंसं पॉलिमर, क्लोरीन घालवणारं द्रव्य आणि मग तो 'फेरोमोन ब्लेंड'. कुठल्या माशाचा फेरोमोन, किती प्रमाणात, काही नाही. "सर्व गोड्या व खाऱ्या पाण्यातील माशांसाठी" असं मात्र ठळक छापलंय. मला पहिली शंका तिथेच आली.

कारण माशांचे हे वास जातीजातीचे असतात. यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालेला मासा म्हणजे मोझांबिक टिलापिया, आपल्याकडे १९५२ साली आणला तो, आपण सरसकट चिलापी म्हणतो त्यातलाच (उजनीच्या चिलापीचं कालवण खाताना हे आठवू नका, कारण पुढचा विषय लघवीचा आहे). गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत झिरपत असतं, त्यामुळे त्याला भरपूर पातळ लघवी करून ते बाहेर टाकावं लागतं, आणि टिलापियाच्या दादा नरानं याचाच उपयोग करून घेतलाय. भांडताना, किंवा अंडी द्यायला तयार असलेली मादी जवळ असताना, तो लघवीच्या छोट्या छोट्या पिचकाऱ्या सोडतो. दबलेला नर हे फार कमी करतो. पोर्तुगालच्या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, २००७ साली त्यांनी दाखवलं की लघवीतून नराचा दर्जा कळतो, पुढे दादा नराच्या मूत्राशयाचे स्नायूही जाड झालेले असतात असं निघालं, आणि २०१४ साली त्या लघवीतली दोन स्टिरॉइड ओळखली, जी मादीच्या शरीरात हार्मोन हलवून तिला अंड्यांसाठी तयार करतात. नर जितका वरचा तितकं ते जास्त.

आता बाटलीच्या दृष्टीने कामाचं. २०१६ साली त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, या लघवीने दुसऱ्या नराची भांडणाची खुमखुमी कमी होते का? नराला आरशासमोर सोडलं. आरशातला मासा मागे हटत नाही, त्यामुळे नर जास्तच चेकाळत जातो. पाण्यात दादा नराची लघवी मिसळली तर हा जोर स्पष्ट कमी झाला. म्हणजे 'वासाने मासा गार होतो' ही कल्पना भंपक नाही, खरी आहे. पण मग त्यांनी ती ओळखलेली दोन स्टिरॉइड नुसती टाकून बघितली तर काही झालं नाही. लघवीचे दोन भाग वेगळे करून स्टिरॉइड असलेला भाग एकटा टाकला, काही नाही, उरलेल्या भागात ती दोन स्टिरॉइड मिसळून टाकली, तरी काही नाही. दोन्ही भाग परत एकत्र केले तेव्हाच परिणाम आला. म्हणजे तो एकट्यादुकट्या पदार्थाचा नाही तर मिश्रणाचा निरोप आहे आणि ते अख्खं मिश्रण म्हणजे त्या जातीच्या दादा नराची ताजी लघवी. ज्यांनी आयुष्य त्यात घातलं त्यांना एका जातीच्या माशासाठी ते शुद्ध रसायनांतून उभं करता आलं नाही, आणि साडेचारशे रुपयांत सगळ्या माशांसाठी मिळतंय म्हणतात. असो.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या, त्या वासाचा मजकूर "शांत व्हा" असा नाहीये. "इथे मी आहे, माझ्या नादी लागू नकोस" असा आहे. समजा उद्या खरोखर असा फेरोमोन बाटलीत मिळाला तरी टँकमधल्या दबलेल्या माशाला तो आणखी एक अदृश्य दादा आल्यासारखा वाटेल, त्याला बरं कसं वाटेल? दबलेल्या माशाच्या अंगात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, आधीच चढलेलं असतं, तो कमी खातो, वाढत नाही, आजारी लवकर पडतो. त्याला वर आणखी धाक, ही शांतता नाही.

आता लेबलमागची पद्धत. मला राग आला तो इथे. "प्रथम टँकमधील ५०% पाणी बदलावे, फिल्टरमधील कार्बन काढावा, नंतर डोस द्यावा. २४ ते ४८ तासांत फरक दिसेल." कार्बन काढायला सांगणं बरोबर आहे, कार्बन असे पदार्थ शोषून घेतो. पण अर्धं पाणी?

ब्राझीलमध्ये याच एंजलवर २०१८ साली प्रयोग झालाय. माशांचे गट ठेवले, त्यांची आपापसातली उतरंड ठरू दिली, मग कुणाचं पाणी अर्धं बदललं, कुणाचं पाव आणि कुणाचं अजिबात नाही. अर्धं बदललं की भांडणं भडकली, पाव बदललं तर परिणाम बराच कमी. तिथेच त्याआधी नाईल टिलापियावर पाणी बदलण्याचा अभ्यास झालेला, दिशा तीच. कारण असं की कोण वरचा कोण खालचा, कोण ओळखीचा, याची बरीचशी माहिती त्या पाण्यातच विरघळलेली असते, आणि आपण सायफन लावून अर्धं पाणी बादलीत ओढतो तेव्हा रातोरात सोसायटीतल्या सगळ्या दारांवरच्या पाट्या काढून नेल्यासारखं होतं, मग प्रत्येकजण परत बेल वाजवून विचारणार इथे कोण राहतं, आणि मासे विचारतात ते शेपटीने आणि तोंडाने. थोड्या वेळाने उतरंड परत ठरते आणि सगळं निवळतं.

बघा आता, बाटली काय सांगतेय. अर्धं पाणी बदला, म्हणजे भांडण पेटवा, मग डोस द्या, मग एक-दोन दिवस थांबा, तोवर भांडण आपोआप विझतं, आणि श्रेय बाटलीला. मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, पण बाटली काम करतेय असं गिऱ्हाईकाला वाटावं यासाठी याहून चांगली पद्धत सुचली नसती.

मी काही रविवार हे आलटून पालटून करून बघितलं, कधी अर्धं पाणी आणि बाटली, कधी अर्धं पाणी आणि साधं अँटी-क्लोरीन, कधी नुसतं पाव पाणी. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही, एक टँक, तेच मासे, बघणारी मी, ज्यांना पटत नाही त्यांनी सोडून द्या. पण अर्ध्या पाण्यानंतर बाटली असो नसो, जोडी बाकीच्यांच्या मागे तशीच सुटायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच मंदावायची, आणि पाव पाण्याच्या रविवारी एवढा दंगा व्हायचा नाही. घरचे, ज्यांना कुठल्या रविवारी काय टाकलं हे सांगितलं नव्हतं, त्यांनाही बाटलीचा रविवार वेगळा ओळखता आला नाही.

हे वाचून कुणी पाणी बदलणंच बंद करू नका हां. अमोनिया आणि नायट्रेट साठलं तर भांडायला मासेच उरणार नाहीत. एकदम अर्धं बदलण्याऐवजी पाव पाव करून जरा जास्त वेळा बदला, एवढंच. आणि आपल्याकडच्या नळाला कधी क्लोरीन नाकात जाईल इतकं असतं तर कधी जाणवतही नाही, त्यामुळे अँटी-क्लोरीन प्रत्येक वेळी.

'हार्मोन' हा शब्द लेबलवर एका ठिकाणी येतो, "आक्रमकतेचे हार्मोन संतुलित करते". हे वाचून मी हसले कारण माशांमध्ये गाडी बऱ्याचदा उलटी चालते. आपल्याला वाटतं अंगात हार्मोन चढलं म्हणून मासा भांडला. माशांच्या नरांमध्ये मुख्य अँड्रोजन (नराचं हार्मोन) ११-कीटोटेस्टोस्टेरॉन असतं, आपल्यासारखं नुसतं टेस्टोस्टेरॉन नाही, आणि ते भांडणानंतर, भांडणामुळे चढतं. २००१ साली टिलापियावरच दिसलं की शेजारच्या काचेतून दुसऱ्यांची मारामारी नुसती बघणाऱ्या नराचंही अँड्रोजन चढतं. आणि २००५ साली त्याच मंडळींनी आरशाशी भांडणाऱ्या नरांचं मोजलं तर मासा जीव खाऊन भांडतोय पण हार्मोन हलत नाही, कारण आरशात ना कुणी जिंकतं ना कुणी हरतं. म्हणजे हार्मोन निकालाकडे बघतं, नुसत्या हाणामारीकडे नाही. मग बाहेरून हर्बल अर्क आणि पॉलिमर टाकून नेमकं काय संतुलित होणार आहे?

(यावरून दुकानांतल्या फायटर माशांच्या बरण्या आठवतात, एकमेकांना चिकटून रांगेत ठेवलेल्या, मध्ये पुठ्ठा नाही, दिवसभर पंख फुलवून बसलेले. गिऱ्हाईकाला रंग दिसावा म्हणून ठेवतात ते कळतं, पण दोन बरण्यांमध्ये एक कार्ड सरकवायला काय जातं. क्रॉफर्ड मार्केटला जा नाहीतर कुठेही, चित्र तेच. फायटर घेणाऱ्यांनी तर ही बाटली अजिबात घेऊ नका, तो एकटाच राहतो, त्याला शांत कुणापासून करणार.)

बाटलीच्या शेजारच्याच फळीवर 'कलर अप, हेड अप' छाप खाद्य असतं, फ्लॉवरहॉर्नवाले डोळे झाकून उचलतात. चांगल्या कंपनीचं असेल तर त्यात रंगासाठी अ‍ॅस्टॅक्सॅन्थिन किंवा स्पिरुलिना असते, ते ठीकच आहे. मी म्हणतेय ते सुट्ट्या पुड्यांबद्दल, ज्यावर काहीच छापलेलं नसतं. मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे नराचं कृत्रिम हार्मोन टिलापियाच्या शेतीत पिल्लांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे खाद्यातून देतात, सगळे नर व्हावेत म्हणून, खाद्याच्या किलोला साधारण ६० मिलिग्रॅम या मापात. शोभेच्या माशांच्या धंद्यात तेच रंग लवकर चढावा म्हणून वापरलं जातं हेही या छंदातल्या जुन्या लोकांना माहीत आहे, मादीसुद्धा नरासारखी रंगलेली दिसते आणि घरी आणल्यावर काही आठवड्यांनी रंग उतरतो. तुमच्या टँकमध्ये असा कोवळ्या वयात झगझगीत रंगलेला सिक्लिड आला असेल आणि अकारण सगळ्यांच्या मागे लागत असेल तर बाटलीच्या आधी त्याच्या खाद्याची चौकशी करा. टांगानिका तळ्यातला एक छोटा सिक्लिड आहे, बर्टनी, त्याचा दबलेला नर राजा हटला की काही मिनिटांत रंग बदलून स्वतः राजा होतो, त्याच्यावर २०२० साली जीन काढून टाकून केलेलं काम छापून आलं आणि असं दिसलं की अँड्रोजनचा निरोप पेशीत घेणारा एक रिसेप्टर रंग सांभाळतो आणि दुसरा दादागिरी. अंगात आपोआप बनलेलं हार्मोन हे सगळं वेळ बघून करतं. पुडीतून घातलेलं हार्मोन मात्र असं काही विचारत नाही, सगळीकडे जातं.

पोटातून शांत करण्याबद्दल एकच गोष्ट मला पटलेली आहे ती म्हणजे ट्रिप्टोफॅन. मेंदूतलं सिरोटोनिन यापासून बनतं आणि सिरोटोनिन वाढलं की माशांची आक्रमकता साधारणपणे उतरते. २००१ साली रेनबो ट्राउटच्या पिल्लांना जास्त ट्रिप्टोफॅनचं खाद्य दिलं, तीन दिवसांनी काही फरक नाही, सात दिवसांनी भांडणं कमी. बाटलीवाल्यांनी याच्या मागे लागायला हवं होतं खरंतर, पण द्रव पाण्यात ओतून हे होत नाही, खाऊनच होतं, आणि थेंब टाकून एक-दोन दिवसांत फरक दाखवण्याइतकं ते विकाऊ नाही. आणि ट्राउटचं ते एंजलला तसंच लागू पडेल असंही मी म्हणत नाही.

मग आमच्या टँकचं काय झालं ते लिहिते, कारण रिव्ह्यूखाली पहिला प्रश्न तोच येतो. दुकानदाराचाच एक सल्ला कामी आला, जो फुकट होता. त्याने सांगितलं, "ताई, मध्ये उंच काहीतरी घाला, एकमेकांना दिसायला नको." एक मोठं लाकूड आणि उंच पानांची वालिस्नेरियाची झुडपं मधोमध लावली, टँकच्या या टोकाचा मासा त्या टोकाला दिसेनासा झाला. खाद्य दोन कोपऱ्यांत एकदम टाकायला लागलो, म्हणजे जोडी एका ठिकाणी पहारा देत असताना बाकीचे दुसरीकडे खातात. आणि जोडीने पानावर अंडी घातली तेव्हा मात्र सरळ त्यांना वेगळ्या टँकमध्ये हलवलं, कारण अंड्यांवर बसलेल्या एंजलला लाकूड, पानं, बाटली, कशानेच फरक पडत नाही. मागे राहिलेल्यांनी आपली नवी उतरंड लावली, खायला न येणारा आता सगळ्यात आधी येतो. थोडी चकमक चालते, तेवढी चालायचीच.

तर दीड स्टार. अर्धा मापाच्या झाकणासाठी. एक यासाठी की क्लोरीन खरंच निघतं, कलर बदलणाऱ्या टेस्ट किटने तपासलं, नळाच्या पाण्यात रंग येत होता, डोसनंतर आला नाही. उघडलेली बाटली दुकानात परत घेत नाहीत, त्यामुळे उरलेली मी पाव पाणी बदलताना अँटी-क्लोरीन म्हणून संपवतेय. तेवढ्याच कामाची साधी बाटली त्याच दुकानात साठ रुपयांना आहे, खालच्या फळीवर, मागून घ्यावी लागते.